दहा तळहातांचा आजार

जुन्या गाड्यांच्या त्या बाजारात त्याला सगळे चकाचक म्हणत. खरं नाव फक्त मालकाला ठाऊक होतं, आणि तेही पगाराच्या दिवशीच आठवायचं. काम काय, तर विकायला आलेली गाडी नव्यासारखी करून गिऱ्हाइकापुढे उभी करायची. वर्षानुवर्षं कुणी आतून पुसली नाही अशी गाडी यायची. सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, डिकीत ओल्या कुत्र्याचा वास, दारावर कुणीतरी किल्लीने ओढलेली रेघ. चकाचक बाह्या वर सारून आत शिरायचा, आणि संध्याकाळी मालक त्याच गाडीत बसून म्हणायचा, ‘मास्तर, ही मीच घेऊ का?’ घेतली कधीच नाही, ते सोडा.

बाह्या वर सारणं त्याने पुढे सोडून दिलं. आधी कोपरांवर बटणाएवढे दोन चट्टे आले. मग गुडघ्यांवर, मग डोक्यात, आणि एकदा हातपाय पसरायची सवय लागल्यावर पाठभर. लाल कातडी, वर पांढरी खपली, खपली खाजवली की रक्त. सोरायसिस असं नाव डॉक्टरबाईंनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा पाहुणा नव्हे, घरजावई आहे. जन्मभर राहणार, तेव्हा त्याचा मान राखून वागायचं.

हा रोग लागत नाही. हे मी इथेच मोठ्याने सांगून ठेवतो, कारण चकाचकचं निम्मं आयुष्य हे एक वाक्य बोलण्यात गेलं. केस कापणाऱ्याला सांगा, शेजारणीला सांगा, सुट्टे पैसे हातावर न ठेवता काचेवर सरकवणाऱ्या दुकानदाराला सांगा. लोक मान डोलावतात आणि एक पाऊल मागे सरतात. सांगून सांगून त्याची जीभ झिजली, पण मागे गेलेलं पाऊल काही कुणी पुढे टाकलं नाही.

आणि औषधाचं म्हणाल तर रोग परवडला, औषध नको, अशी गत. चांगली ट्यूब म्हणजे आठवड्याचा किराणा, आणि पाठीसारख्या मैदानाला ती कितीशी पुरणार. नवरा-बायकोने नाना उपाय करून पाहिले. औषधवाल्याला गळ घालून त्याच औषधाची बिननावाची, स्वस्तातली ट्यूब शोधली. सरकारी दवाखान्याच्या रांगेत कितीतरी सकाळी घालवल्या. कधी औषध मिळालं, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’ मिळालं. कंपनीचा माणूस डॉक्टरबाईंच्या टेबलावर नमुन्याच्या इवल्याशा ट्यूब टाकून जायचा, त्यातल्या दोन-चार बाई गुपचूप यांच्या हातात ठेवायच्या. मेहुणीने सुचवलेले उपाय तर फुकट होते, आणि गुणही त्या किमतीचाच होता. बायकोची स्वतःची शक्कल अशी की ट्यूब घरी आली की ती वाटीत पिळायची, तेवढंच व्हॅसलिन घालायची आणि चमच्याने घोटायची.

‘असं केलं की औषधाचा जोर कमी होतो,’ औषधवाला म्हणाला.

‘आमचाही झालाय,’ बायको म्हणाली.

बायको घरी शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी, मशीनला लागून पलंग, आणि संध्याकाळी शिवण आवरलं की पलंगावर नवरा पालथा. त्याचा हात पाठीपर्यंत पोचायचा नाही, म्हणून पाठ तिच्याकडे. दिवसभराच्या सगळ्या गोष्टी तेव्हा व्हायच्या. कुणाचा ब्लाउज बिघडला, कुठल्या गाडीत काय सापडलं, मेहुणीने फोनवर काय दिवे लावले. भांडणंसुद्धा तेव्हाच. इतकी वर्षं संसार झाल्यावर दुसरी जोडपी एकमेकांशी काय बोलतात कोण जाणे, यांचं सगळं बोलणं पाठीवर चालायचं.

घोळ झाला तो काळ्या सीटांमुळे. एक जोडपं गाडी बघायला आलं होतं. गाडी चकाचकने दोन दिवस खपून तयार केलेली, बोनेटमध्ये तोंड दिसावं अशी. बाईंनी दार उघडलं, आत वाकल्या आणि थबकल्या. काळ्याभोर सीटवर पांढरा कोंडा पडला होता, स्टिअरिंगवरही थोडा. ‘हे काय आहे?’ त्यांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत रुमालाने बोटं पुसली. चकाचक चार हात लांब, फडकं घेऊन उभा होता. बाईंनी त्याच्या मानेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. गाडी काही त्यांना आवडली नाही.

मालकाने त्याला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे काय, भिंतीवर किल्ल्यांचा फळा आणि एक डगमगतं टेबल.

‘मास्तर, वाईट वाटून घेऊ नकोस,’ मालक म्हणाला. असं म्हणणारा माणूस पुढे वाईटच बोलणार, हे ठरलेलं. ‘आतलं काम एका नव्या माणसाला देतो. तू बाहेर धुण्यावर ये.’

धुण्यावर म्हणजे पाण्याचा पाइप, साबणाची बादली आणि अर्धा पगार. साबणाचं पाणी तर त्याच्या हातांना विषच. आणि पगाराचं एक वेळ बाजूला ठेवा. गाडीचं अंतरंग ओळखणारा माणूस चाकांचा चिखल काढत बसणार, हे त्याच्या फार मनाला लागलं. पण मालकाशी तो भांडला नाही. ‘मला थोडी मुदत द्या,’ म्हणाला. ‘मी बरा होऊन दाखवतो.’

मालक माणूस वाईट नव्हता. धंदा करत होता, एवढंच. ‘वर्षअखेरीपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो,’ तो म्हणाला. ‘नवा माणूस तोवर तात्पुरता. पण कातडी आवर, मास्तर.’

कातडी आवर, म्हणे. ती काय शर्टाचं निघालेलं टोक आहे, खोचलं की झालं?

दुसऱ्याच दिवशी दोघं डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एका नव्या इंजेक्शनची गोष्ट काढली. भल्याभल्यांची कातडी त्याने साफ झालेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी किंमत सांगितली तेव्हा बायकोने विचारलं, ‘हे जन्माचं का?’

‘महिन्याचं,’ बाई म्हणाल्या.

मग बाईंनी खणातून कंपनीचे कागद काढले. ज्यांना ऐपत नाही आणि ज्यांचा आजार मोठा आहे, अशांना कंपनी वर्षभर इंजेक्शन फुकट देणार होती. ऐपतीचा प्रश्न नव्हता, ती नव्हतीच. आजार मोठा आहे हे मात्र मोजून दाखवायचं होतं. ‘तुमचा तळहात म्हणजे तुमच्या अंगाचा साधारण शंभरावा भाग,’ बाईंनी आपला हात उघडून दाखवला. ‘चट्टे एकूण दहा तळहात भरले तर अर्ज पुढे जातो. सोबत फोटो जातात. पुढच्या आठवड्यात या, मी मोजते.’

घरी येताना दोघांना पंख फुटले होते. एक वर्ष. वर्षभरात माणूस काय नाही करत. आतलं काम परत मिळेल, पगार परत मिळेल, पुढचं पुढे बघू.

आता ऐका, शहाण्या माणसाने काय केलं ते. आयुष्यभर एकच मंत्र जपलेला, की वस्तू दाखवायची तर घासूनपुसून दाखवायची. त्यात एवढी मोठी कंपनी, फोटो जाणार, साहेब लोक बघणार. मग काय, आठवडाभर त्याने स्वतःला तयारीला घेतलं. ट्यूबमध्ये व्हॅसलिन न घालता, निव्वळ औषध, दिवसातून तीनदा. रोज कोमट पाण्यात अंग भिजवून खपल्या अलगद काढल्या. बायकोने महिन्याच्या शिवणाचे पैसे औषधात घातले आणि वर म्हणाली, ‘एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांच्यापुढे असलं अंग घेऊन जायचं का?’ मोजायच्या दिवशी केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी हजर.

‘अरे वा, किती छान दिसतंय,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. चकाचक हसला. बायको तर पदराआडून हसली. मग बाईंनी त्याचा तळहात धरून मोजायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

सहाच भरले.

‘असं कसं केलंत हो,’ बाई म्हणाल्या. ‘कंपनीला आजार दिसायला हवा होता.’

त्या दोघांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला हवं होतं असं मला वाटतं, पण ज्याला त्याला आपलं शास्त्र इतकं सोपं वाटतं की सांगायचं राहून जातं. दुसऱ्या दिवशी बाजारात मालकाने हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. ‘अरे मास्तर, ठोकलेली गाडी विम्याचा माणूस बघून जायच्या आधी कुणी घासतं का रे? पोरंटोरं सुद्धा हात लावत नाहीत.’

खरंच होतं ते. विम्याचा माणूस येईपर्यंत ठोकलेल्या गाडीवर पाणीसुद्धा मारू नका, असं चकाचकनेच आजवर कितीजणांना दरडावलं होतं. गाडीच्या बाबतीत जे हाडात भिनलेलं, ते स्वतःच्या अंगाच्या बाबतीत सुचलं नाही. तो त्या दिवशी चार वेळा म्हणाला, ‘मी गाढव आहे.’ चारही वेळा कुणी नाही म्हणालं नाही.

डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांनी परत मोजायचं कबूल केलं होतं. ‘औषध बंद करा असं मी सांगणार नाही,’ त्या म्हणाल्या होत्या, ‘मला तसं सांगताच येत नाही. मधले दिवस तुम्ही नुसतं साधं तेल लावलंत, तर माझी हरकत नाही. पण ताप आला, कुठे पू झाला, तर हे सगळं विसरून तडक इथे यायचं.’ आणि वर्षअखेर तर तीन महिन्यांवरच आली होती.

घरातल्या उरल्यासुरल्या ट्यूब त्याने गोळा करून बायकोच्या हातात दिल्या. ‘फेकून दे,’ म्हणाला, ‘डोळ्यांपुढे असल्या की मोह होतो.’

‘एवढ्या महागाची वस्तू कुणी फेकतं का,’ ती म्हणाली आणि घेऊन गेली.

मग सुरू झाली ती उलटी तपश्चर्या. सगळं जग आजार कमी व्हावा म्हणून झुरतं, हा वाढावा म्हणून बसला. आजार नको तेव्हा दारात उभा, म्हणजे हवा असला की भाव खाईल, असं वाटलं होतं; तसं काही झालं नाही. दोन आठवड्यांत तो भरभरून आला. पिंढऱ्या, पोट, दंड, कानांमागे. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात, त्यामुळे बोटं पेरापेरांत फाटली. सकाळी चादर खिडकीबाहेर झटकली की खालची भाडेकरीण आपली खिडकी आपटून लावायची. तो मात्र आंघोळीआधी आपला तळहात पोटावर ठेवून बघायचा आणि बायकोला सांगायचा, ‘दीड झाला. परवा सव्वा होता.’ आवाजात चक्क समाधान.

‘लाज नाही वाटत?’ ती एकदा भडकली. ‘पोराचं वजन वाढल्यासारखं सांगताय.’

‘अगं, दोनच महिने राहिले.’

‘जळो ते इंजेक्शन.’

‘जळो काय. मग काय जन्मभर चाकं धुऊ?’

इकडे आड, तिकडे विहीर. बरा होत गेला तर औषध नाही, आणि औषध नाही तर बरा होणं नाही. तिने तेलाची वाटी उचलली आणि पाठीला लावू लागली. नुसतं तेल. हाताखाली पाठ कशी होत चालली आहे ते तिला कळत होतं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच पाठीवरचं बोलणं बंद पडलं. तो विचारायचा, ‘काय गं, गप्प का?’ ती म्हणायची, ‘काही नाही, हात दुखतोय.’

एका संध्याकाळी तो कामावरून आला तो ताठ, लाकडासारखा. शर्ट पाठीला चिकटला होता. पाइप ओढताना खपल्या फुटल्या असाव्यात. रक्त येऊन वाळलं होतं. बायकोने त्याला खुर्चीत उलटं बसवलं आणि कोमट पाण्याने भिजवत भिजवत शर्ट सोडवायला घेतला. तो ओरडला नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसला, आणि शर्ट सुटल्यावर म्हणाला, ‘पाठ चार तरी भरेल, नाही का?’

तिने ‘हो’ म्हटलं आणि शर्ट घेऊन मोरीत गेली. नळ सोडून बराच वेळ शर्ट धूत राहिली.

त्यानंतर पाठीला तेल लावायला ती जरा जास्त वेळ घेऊ लागली. वाटी आतूनच भरून आणायची. पाठ दिसत नाही, त्यामुळे तिचं काय चाललं आहे ते चकाचकला बघता येत नव्हतं. पण आठ-दहा दिवसांनी तो उताणा झोपू लागला, आणि त्याबद्दल कुणाशी काही बोलला नाही. पोट, पाय, हात मात्र रोज मोजायचा. बोलणंही हळूहळू परत सुरू झालं. मेहुणीची बदनामी पुन्हा रंगली.

मोजायचा दिवस आला. या वेळी दाढीही केली नव्हती, शर्ट कालचाच होता. डॉक्टरबाईंनी त्याला बघितलं आणि त्यांच्या तोंडून ‘अरे देवा’ निघून गेलं. ते ऐकून त्याला बरं वाटलं, काय सांगावं. बाई मोजत गेल्या. पाय, पोट, दंड, डोकं. ‘आठ झाले,’ त्या म्हणाल्या, ‘पाठ अजून राहिलीच आहे. होतंय बघा काम. वळा.’

तो वळला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाठीवर डाग होते, पण गुलाबी, मऊ पडलेले. खपली कुठे नावालाच.

‘इथे औषध लावलंय,’ बाई म्हणाल्या.

बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. कॅलेंडरवर बघण्यासारखं काही नव्हतं.

‘मीच लावलं,’ चकाचक म्हणाला. ‘राहवलं नाही, बाई.’

‘पाठीपर्यंत पोचतो तुमचा हात?’

‘पोचतो. कसाबसा.’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. ‘ओढूनताणून साडेआठ,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या हातात असतं तर मी दहा लिहिले असते. पण फोटोत पाठ दिसते. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही, तर पुढच्या माणसाचाही अर्ज अडकेल.’

‘मग परत तीन महिने?’

‘परत तीन महिने. तोवर योजना चालू राहिली तर.’

दोघं बाहेर आली. दवाखान्याच्या आवारात सिमेंटचं एक बाकडं होतं, त्यावर बसली. समोर रुग्णांच्या गाड्या उभ्या होत्या, बहुतेक मळलेल्या. वर्षअखेर आठवड्यावर आली होती. मालक शब्दाला पक्का. मुदत दिली तशी ती संपल्यावर नव्या माणसाला कायमही करणार. नवा माणूस कामाला बराही होता, सीटच्या फटीत ब्रश कसा घालायचा ते चकाचकनेच त्याला दाखवलं होतं.

‘मालकाला काय सांगणार?’ बायकोने विचारलं.

‘सांगतो, आजार कमी पडला.’

ती हसली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग म्हणाली, ‘अहो, ते मी...’

‘ठाऊक आहे.’

‘काय ठाऊक आहे?’

‘तेलाला कधी असा वास येतो का? पहिल्याच दिवशी कळलं मला.’

तिने मान वर केली. डोळे भरले होते, आणि आता त्यांत रागही आला. ‘मग मला अडवलं का नाहीत? एक शब्द बोलायचा होता. मी मूर्ख, मला तो शर्ट डोळ्यांपुढून जाईना. पण तुम्हाला कळत होतं ना? रोज पोट मोजत होतात, आणि पाठ माझ्या स्वाधीन करून पडून राहायचात?’

तो हाताच्या फाटलेल्या बोटांकडे बघत राहिला.

‘बरं वाटत होतं गं,’ तो म्हणाला. ‘तेवढीच एक जागा होती अंगावर, जिथे बरं वाटत होतं. उद्या सांगतो तिला, उद्या सांगतो तिला, असं रोज ठरवायचो.’

ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. येणारे-जाणारे बघत होते. दवाखान्याच्या दारात रडणाऱ्या बाईकडे लोक बघतातच. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, पिशवी मांडीवर नीट घेतली आणि विचारलं, ‘ट्यूब थोडी शिल्लक आहे. आज लावू का?’

त्याला धुण्याची बादली आठवली, अर्धा पगार आठवला. आणखी तीन महिने नुसत्या तेलावर काढले, अंग सगळं सोलून निघालं, योजना टिकली, तर इंजेक्शन होतं. ‘नको’ एवढा एक शब्द बोलायचा होता.

‘लाव,’ तो म्हणाला.